शंका-समाधान : कर्नलच्या इशाऱ्यांवरची वेळ कोणत्या घड्याळाची?

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात. लिनक्स या कार्यप्रणालीच्या कर्नलने, म्हणजे तिच्या गाभ्याने, नोंदवलेल्या इशाऱ्यांपुढे जी वेळ दिसते, ती कधी अशक्य, कधी उलटी, तर कधी शेकडो वर्षांची असते आणि वाचणारा माणूस गोंधळून जातो. म्हणून इतर विषयांवरची पत्रे पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत.

प्रश्न : माझा लॅपटॉप मी सोमवारी सकाळी ९ वाजता सुरू केला, रात्री ११ वाजता झाकण मिटून ठेवला आणि मंगळवारी सकाळी ७ वाजता पुन्हा उघडला. दुपारी ‘डीमेसेज’ ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा कॅपिटल ‘टी’चा पर्याय देऊन चालवली, तेव्हा ग्राफिक्स ड्रायव्हरचा एक इशारा मंगळवारी पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी आल्याचे दिसले. त्या वेळी लॅपटॉप झोपलेला होता आणि खोलीत कोणीही नव्हते. माझ्या नकळत कोणी तो चालू केला असेल का?

उत्तर : आपला लॅपटॉप पहाटे कोणीही उघडलेला नाही. तो इशारा बहुधा मंगळवारी सकाळी ११ वाजून १२ मिनिटांनी, म्हणजे आपण स्वतः काम करत असताना आला असावा. तो आठ तास मागे कसा गेला, हे समजण्यासाठी कर्नल मुळात काय लिहितो आणि डीमेसेज त्यात काय मिसळते, हे वेगवेगळे करून पाहावे लागेल.

कर्नल प्रत्येक नोंदीपुढे चौकोनी कंसात जो आकडा लिहितो, ती तारीखही नसते आणि घड्याळातील वेळही नसते. यंत्र सुरू होताना कर्नलने मोजायला सुरुवात केल्यापासून किती सेकंद गेले, एवढेच तो आकडा सांगतो आणि दशांशचिन्हापुढील सहा अंक मायक्रोसेकंदांचे असतात. ही मोजणी ज्या अंतर्गत घड्याळावर चालते, ते मुख्यतः प्रोसेसरांना कामे वाटून देणाऱ्या शेड्युलरसाठी ठेवलेले आहे. ते अतिशय झटपट वाचता येते आणि इंटरप्टसारख्या (हार्डवेअरने प्रोसेसरचे काम मध्येच थांबवण्याच्या) नाजूक जागीही वाचता येते, म्हणून नोंदींसाठीही तेच वापरतात. मात्र यंत्र सस्पेंड झाले की हे घड्याळ थांबते आणि जागे झाल्यावर थांबले होते तिथूनच पुढे चालू लागते. झोपेतले आठ तास त्याच्या हिशेबात येतच नाहीत.

आता आपले आकडे मांडून पाहू. सोमवारी सकाळी ९ पासून मंगळवारी सकाळी ११ वाजून १२ मिनिटांपर्यंत २६ तास १२ मिनिटे होतात. त्यातून झोपेचे ८ तास वजा केले की १८ तास १२ मिनिटे, म्हणजे ६५,५२० सेकंद उरतात. तोच पर्याय न देता डीमेसेज चालवा. इशाऱ्यापुढे याच्या आसपासचा आकडा असेल, तर निदान पक्के झाले असे समजा. डीमेसेजच्या जुन्या आवृत्त्या यंत्र सुरू झाल्याची वेळ शोधून त्यात हा आकडा थेट मिळवतात, आणि सकाळी ९ मध्ये १८ तास १२ मिनिटे मिळवली की बरोबर पहाटेचे ३ वाजून १२ मिनिटे येतात.

नव्या आवृत्त्यांनी यावर उपाय केला आहे, पण तो अर्धाच आहे. यंत्र आतापर्यंत एकूण किती काळ झोपले, तो कालावधी त्या सर्व नोंदींमध्ये सरसकट मिळवतात. त्यामुळे शेवटच्या झोपेनंतरच्या नोंदी बरोबर दिसतात, पण त्याआधीच्या नोंदी पुढे ढकलल्या जातात. आपल्या उदाहरणात सोमवारी दुपारी ४ वाजता आलेली नोंद मध्यरात्री १२ ची दिसेल. ही वेळ चुकीची असू शकते, असा इशारा डीमेसेजच्या माहितीपानावर स्पष्ट दिलेला आहे. माझ्या मते, लॅपटॉपवर एखाद्या घटनेचा पुरावा म्हणून कॅपिटल ‘टी’ पर्यायाच्या वेळेचा आधार कधीही घेऊ नये.

मग आधार कशाचा घ्यावा? आपल्या यंत्रावर सिस्टमडी (सेवा सुरू करणारी आणि सांभाळणारी प्रणाली) असेल, तर त्याची नोंदवही ठेवणारा कार्यक्रम कर्नलची प्रत्येक नोंद हाती येताच तिच्यावर त्या क्षणाची घड्याळातील वेळ वेगळी टिपून ठेवतो. ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा ‘के’ पर्यायासह चालवली की ती वेळ दिसते आणि ती नंतरच्या झोपेने बदलत नाही. दुसरा मार्ग नोंदींतच सापडतो. झोपेत जाताना ‘पीएम : सस्पेंड एंट्री’ आणि उठताना ‘पीएम : सस्पेंड एक्झिट’ अशा ओळी कर्नल लिहितो. संशयित इशारा या दोन ओळींच्या कोणत्या बाजूला आहे, हे आधी पाहावे. आपला इशारा ‘एक्झिट’च्या खाली असेल, तर पहाटेची शंका तिथेच संपते.

झोप बाजूला ठेवली, तरी आणखी एक बारीक फरक राहतो. इंटरनेटवरील वेळेशी यंत्राचे नेहमीचे घड्याळ सतत जुळवून घेतले जाते, पण नोंदींचे घड्याळ असे जुळवले जात नाही. त्याच्या गतीत दहा लाखांत ५० भागांची चूक असेल, तर दिवसाला ४.३२ सेकंद आणि ३० दिवसांत दोन मिनिटांहून अधिक फरक साचतो. महिनोन्महिने चालणाऱ्या सर्व्हरवर हा फरक सहज डोळ्यांत भरतो. अशा ठिकाणी मी एक साधी सवय सुचवीन. ‘डेव्ह’ डिरेक्टरीतील ‘केएमएसजी’ या फाइलमध्ये रूट (सर्वाधिकारी) वापरकर्त्याने लिहिलेली ओळ कर्नलच्या नोंदींत जाऊन बसते. तासातासाला तिथे चालू तारीख आणि वेळ लिहिणारे छोटे काम लावून ठेवले, तर सेकंदांच्या आकड्यांमध्ये खऱ्या वेळेच्या खुणा तयार होतात आणि पुढे कसलाही हिशेब त्या खुणांपासून करता येतो.

प्रश्न : आमच्या संस्थेतील एक जुना सर्व्हर २.६.३२ या कर्नलवर गेले सुमारे सात महिने अखंड चालू होता. अचानक नोंदींपुढचा आकडा १,८०,१४,००० सेकंदांच्या आसपासून थेट १८४४६७४४०६१.२०४११८ वर गेला आणि पाठोपाठ ‘सॉफ्ट लॉकअप’चा, म्हणजे प्रोसेसर एकाच कामात अडकल्याचा, इशारा आला. त्यात तिसरा प्रोसेसर १७१६३०९१९६८ सेकंदांपासून अडकल्याचे लिहिले होते. भागाकार केल्यावर ही ५४४ वर्षे होतात. प्रोसेसर बिघडला, असे समजून तो बदलावा का?

उत्तर : प्रोसेसर बदलू नका. त्याचा यात काहीही दोष नाही. हे दोन्ही आकडे यादृच्छिक नाहीत, ते नीट उलगडता येतात, आणि उलगडले की दोषाचे नेमके ठिकाण दाखवतात. म्हणून या पत्राचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पहिल्या आकड्यापासून सुरुवात करू. कर्नल नोंदीची वेळ ६४ बिटांच्या, चिन्ह नसलेल्या पूर्णांकात नॅनोसेकंदांनी ठेवतो. अशा पूर्णांकाची मर्यादा २ चा ६४वा घात, म्हणजे सेकंदांत १८४४६७४४०७३.७०९५५१ एवढी असते आणि ती गाठायला ५८४ वर्षांहून अधिक काळ लागतो. आपला आकडा या मर्यादेपेक्षा फक्त १२.५०५४३३ सेकंदांनी कमी आहे. चिन्ह नसलेल्या पूर्णांकात उणे संख्या लिहिता येत नाही, त्यामुळे वजाबाकीचे उत्तर शून्याखाली गेले की ते वरच्या टोकाकडून मोजले जाते. थोडक्यात, आपल्या सर्व्हरचे नोंदींचे घड्याळ त्या क्षणी ‘उणे साडेबारा सेकंद’ दाखवत होते. नोंदींत १८४४६७४४ ने सुरू होणारा एवढा लांब आकडा दिसला, की तो मर्यादेतून वजा करून पाहावा. बाकी काही सेकंदांची किंवा मिनिटांची आली, तर घड्याळ उणे झाले आहे, हे जवळजवळ निश्चित समजावे.

ते उणे का झाले, याचे उत्तर आपल्या पत्रातील १,८०,१४,००० या आकड्यात आहे. इंटेल-एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरांत टीएससी नावाचा गणक असतो, जो यंत्र चालू झाल्यापासून एका ठरावीक गतीने वाढत राहतो. त्याच्या ठोक्यांचे नॅनोसेकंद करण्यासाठी जुना कर्नल ठोक्यांना एका गुणकाने गुणत असे आणि मग उत्तर १० बिटांनी उजवीकडे सरकवत असे, म्हणजेच १०२४ ने भागत असे. भागाकारानंतरचे उत्तर लहान असले, तरी त्याआधीचा गुणाकार ६४ बिटांत मावावा लागतो. हा गुणाकार २ च्या ६४व्या घाताला पोचतो, तेव्हा भागाकारानंतरचे उत्तर २ चा ५४वा घात एवढे नॅनोसेकंद असते. तो आकडा म्हणजे १,८०,१४,३९८.५ सेकंद, अर्थात साडेदोनशे दिवसही नाहीत, तर २०८.५ दिवस. गुणक प्रोसेसरच्या गतीनुसारच ठरत असल्याने प्रोसेसर वेगवान असो वा संथ, मुदत तीच राहते. २०८.५ दिवस भरताच गुणाकार ओसंडतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. टीएससी मात्र कर्नलने आपले शून्य ठरवण्याआधीपासूनच धावत असतो, आणि तो आधीचा थोडासा काळ कर्नल प्रत्येक वेळी वजा करत असतो. शून्यातून साडेबारा सेकंद वजा केले, की आपल्याला दिसलेला आकडा तयार होतो.

५४४ वर्षांचा हिशेबही इथेच लागतो. सॉफ्ट लॉकअपवर लक्ष ठेवणारी यंत्रणा भागाकाराचा वेळ वाचवण्यासाठी नॅनोसेकंदांना १०० कोटींनी भागत नाही, तर ३० बिटांनी उजवीकडे सरकवते. त्यामुळे तिचा एक ‘सेकंद’ खऱ्या १.०७ सेकंदांचा असतो. या मापात २ चा ६४वा घात २ च्या ३४व्या घाताएवढा, म्हणजे १७१७९८६९१८४ होतो, आणि २ चा ५४वा घात २ च्या २४व्या घाताएवढा, म्हणजे १६७७७२१६ होतो. पहिल्यातून दुसरा वजा करा, उत्तर १७१६३०९१९६८ येईल. म्हणजे पहारेकऱ्याने ओसंडण्याच्या जरा आधी शेवटची वेळ पाहिली आणि जरा नंतर पुन्हा पाहिली. त्या दोन वेळांतला फरक त्याने प्रामाणिकपणे छापला. आपण कळवलेला आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळतो, याहून बळकट पुरावा मिळणे कठीण आहे.

मात्र दोष फक्त छापील आकड्यात आहे, असे समजून सोडून देऊ नका. हेच घड्याळ शेड्युलरही वापरतो, त्यामुळे मुदत भरण्याच्या क्षणी काही यंत्रे खरोखर गोठली आहेत. शिवाय सॉफ्ट लॉकअप दिसताच यंत्र बंद पाडावे, अशी सेटिंग कोणी केली असेल, तर या खोट्या इशाऱ्यानेही सर्व्हर कोसळतो. मूळ कर्नलसाठी ही दुरुस्ती २०११ मध्ये झाली. तिच्यात ठोक्यांचे आधी १०२४ ने भाग पाडून, भागाकार आणि बाकी यांचा वेगवेगळा गुणाकार केला जातो, त्यामुळे मधला आकडा फुगत नाही. जुन्या कर्नलांसाठीही वितरकांनी ही दुरुस्ती मागाहून पुरवली आहे. आपल्या वितरकाच्या बदलांच्या यादीत ती शोधा आणि ते अद्ययावत पॅकेज बसवा. ते होईपर्यंत मुदत भरण्याआधी, सोयीची वेळ पाहून, यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. नुसते रीस्टार्ट पुरेसे नाही, कारण काही प्रोसेसरांत त्याने टीएससी शून्यावर येत नाही. यंत्र किती काळ चालू आहे ते सांगणारी ‘अपटाइम’ ही आज्ञा थोडे दिवस दाखवत असताना हा प्रकार घडल्याचे दिसले, तर त्यामागे हेच कारण असू शकते.

अशाच इतर मुदतीही ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. कर्नलचा ‘जिफीज’ हा ठोक्यांचा गणक ३२ बिटांचा असेल, तर सेकंदाला १००० ठोक्यांच्या मापाने तो ४९.७ दिवसांत आणि १०० ठोक्यांच्या मापाने ४९७ दिवसांत ओसंडतो. कर्नलच्या रचनाकारांनी हा गणक मुद्दाम अशा आकड्यापासून सुरू केला आहे की यंत्र चालू झाल्यावर पाच मिनिटांतच तो पहिल्यांदा ओसंडावा. ड्रायव्हर लिहिणाऱ्याची चूक पन्नास दिवसांनी ग्राहकाच्या यंत्रावर उघडी पडण्याऐवजी पाचव्या मिनिटाला त्याच्या स्वतःच्या टेबलावर उघडी पडते. ही मला संपूर्ण कर्नलमधील अतिशय शहाणपणाची योजना वाटते.

प्रश्न : माझ्या छोट्या एकपाटी संगणकावर कर्नलच्या पहिल्या काही नोंदींपुढे ०.०००००० आहे, जर्नलमध्ये सुरुवातीची तारीख १ जानेवारी १९७० आहे, आणि मधल्या सर्व आकड्यांतील शेवटचे चार अंक शून्य आहेत. बोर्ड सदोष आहे का?

उत्तर : नाही. अगदी सुरुवातीला मोजणीचे घड्याळच तयार झालेले नसते, म्हणून तिथे शून्ये दिसतात. अशा बोर्डांवर बऱ्याचदा बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, त्यामुळे नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंत युनिक्सच्या कालगणनेचा आरंभ, म्हणजे १९७०, किंवा मागील वेळी साठवून ठेवलेली तारीख दिसते. शेवटचे चार अंक शून्य असणे म्हणजे आकडा १० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी वाढतो आहे. बारीक मोजणी करणारा हार्डवेअर टायमर कर्नलला मिळालेला नाही आणि तो सेकंदाला १०० वेळा येणाऱ्या ठोक्यांवरच वेळ मोजतो आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरील हार्डवेअरच्या वर्णनात) टायमरची नोंद आणि कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर आहे का, हे तपासा.

प्रश्न : डिस्कच्या चुकांच्या दोन नोंदी उलट्या क्रमाने आहेत. आधी ८२१४.३३६८७१ आणि तिच्याखाली ८२१४.३३६८६५. त्यानंतर ८४५२ सेकंदांवर एक प्रक्रिया १२० सेकंदांपेक्षा अधिक काळ अडकल्याचा इशारा आहे. कोणत्या वेळेवर विश्वास ठेवू? आणि प्रक्रिया अडकली ती डिस्कच्या चुकांमुळे, की हे दोन वेगळे बिघाड आहेत?

उत्तर : सहा मायक्रोसेकंदांचा उलटा क्रम हा बिघाड नाही. नवीन कर्नल आधी वेळ टिपतो आणि मग नोंदींच्या साठ्यात जागा घेतो. या दोन कृतींच्या मध्ये दुसऱ्या प्रोसेसरने किंवा एखाद्या इंटरप्टने आपली नोंद आधी बसवली, तर नंतरची वेळ वर आणि आधीची वेळ खाली दिसते. शिवाय प्रत्येक प्रोसेसर आपल्या स्थानिक घड्याळाने वेळ टिपतो. केएमएसजी फाइलमध्ये प्रत्येक ओळीला अनुक्रमांकही असतो, पण तो साठ्यातील जागेचा क्रम सांगतो, घटनांचा नव्हे. त्यामुळे इतक्या सूक्ष्म अंतरात आधी काय घडले, याचा निर्णय वेळेवरून किंवा अनुक्रमांकावरून करू नये. हा फरक अनेक मिलिसेकंदांचा किंवा सेकंदांचा असता, तर मात्र मी प्रोसेसरांचे टीएससी एकमेकांशी जुळतात का, हे पाहायला सांगितले असते. टीएससी अस्थिर ठरवून कर्नल एचपीईटी किंवा एसीपीआय या दुसऱ्या टायमरकडे वळल्याची ओळ अशा वेळी नोंदींतच सापडते.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. अडकलेल्या प्रक्रियेच्या इशाऱ्यावरील वेळ ही प्रक्रिया अडकल्याची वेळ नसून ती अडकल्याचे लक्षात आल्याची वेळ असते. हे तपासणारा कर्नलचा धागा नेहमीच्या सेटिंगमध्ये दर १२० सेकंदांनी फेरी मारतो. एका फेरीत तो प्रक्रियेची स्थिती टिपतो आणि पुढच्या फेरीपर्यंत ती जराही हलली नसेल, तरच इशारा देतो. ती पहिल्या फेरीच्या अगदी आधी अडकली असेल, तर १२० सेकंद होतात, आणि त्यामागच्या फेरीनंतर लगेच अडकली असेल, तर जवळजवळ २४० सेकंद होतात. म्हणून ८४५२ मधून हे दोन्ही आकडे वजा करा. प्रक्रिया ८२१२ ते ८३३२ या दरम्यान केव्हातरी अडकली आणि आपल्या डिस्कच्या चुका ८२१४ वर, म्हणजे याच पट्ट्यात आहेत. हा कार्यकारणाचा अंतिम पुरावा नाही, पण शोध डिस्कपासून सुरू करण्यास तो पुरेसा आहे. इशाऱ्याखाली छापलेल्या कॉल ट्रेसमध्ये (एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांच्या यादीत) प्रक्रिया त्याच डिस्कवरील वाचन किंवा लेखन पूर्ण होण्याची वाट पाहत असल्याचे दिसले, तर डिस्क, तिची केबल आणि कंट्रोलर हे या क्रमाने तपासा.

इतर इशाऱ्यांनाही असाच मागे जाणारा पट्टा असतो, पण त्यांची लांबी वेगळी असते. सॉफ्ट लॉकअपचा इशारा नेहमीच्या सेटिंगमध्ये २० सेकंदांची मर्यादा ओलांडल्यावर येतो, म्हणून त्यात बऱ्याचदा २२ सेकंद हा आकडा दिसतो. आरसीयू स्टॉलचा, म्हणजे आरसीयू या कर्नलच्या अंतर्गत समन्वय यंत्रणेचे काम खोळंबल्याचा, इशारा मूळ कर्नलच्या नेहमीच्या सेटिंगनुसार २१ सेकंदांनी येतो आणि त्यातील कालावधी सेकंदांत नसून जिफीजमध्ये असतो. सेकंदाला २५० ठोके असलेल्या कर्नलवर ५२५० हा आकडा म्हणजे तेच २१ सेकंद. आपल्या नोंदींत ८१९० ते ८२३५ सेकंदांच्या दरम्यान यांपैकी एखादा इशारा आहे का, हे पाहून त्या भागाच्या सर्व ओळी, आजूबाजूच्या निरुपद्रवी वाटणाऱ्या ओळींसह, पुढच्या पत्रात पाठवाव्यात.